विमानवेधी तोफांचे खड्डे बघायला जाताय? मग तोफ शेवटी बघा

सह्याद्रीत शनिवार-रविवार काढलेल्या माणसाचं लंडनमध्ये आल्यावर जरा अवघड होतं. डोंगर नाही, कडा नाही, आणि किल्ला म्हणाल तर तिकीट काढून दोरीच्या अलीकडून बघायचा, बुरुजावर पाय सोडून भाकरी खायची तर बातच सोडा. मी पण असाच वैतागलो होतो, मग एकदा कुणाच्या तरी पोरांना गाढवं आणि डुकरं दाखवायला मडशूटच्या फार्मवर गेलो आणि तिथे गवतात एक भलीमोठी तोफ आकाशाकडे तोंड करून उभी. पोरं गाढवांकडे गेली, मी तिथेच अडकलो. तेव्हापासून हा नाद लागलाय आणि आता दोन-तीन ओळखीचे लोक विचारायला लागलेत की नक्की बघायचं काय, सिमेंटचे खड्डेच तर आहेत, म्हणून हे एकदाचं नीट लिहून टाकतो.

आधी थोडक्यात हे काय प्रकरण आहे ते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन बॉम्बर विमानं पाडायला ब्रिटनभर जड तोफांचे अड्डे बांधले, जवळपास १,००० जागा होत्या आणि त्यातल्या २०० पेक्षाही कमी ठिकाणी आज काहीतरी शिल्लक आहे. बाकीच्यांवर घरं आली, रस्ते आले, गोल्फची मैदानं आली. इथले म्हातारे लोक या तोफांना ॲक-ॲक म्हणतात, कारण फौजी फोनवर ए हे अक्षर नीट ऐकू यावं म्हणून तेव्हा ॲक म्हणायचे, आणि अँटी-एअरक्राफ्ट म्हणजे ए-ए. आपल्याकडे पुस्तकात विमानवेधी तोफ म्हणतात तीच ही. ज्या जागेवर चार किंवा आठ तोफा, त्यांचा दारूगोळा आणि माणसं असा सगळा संसार होता तिला गनसाइट म्हणायचं.

पहिल्यांदा जाणाऱ्याने मडशूटलाच जावं, दुसरीकडे कुठेही नाही. बँक स्टेशनवरून लुईशमची डीएलआर म्हणजे इथली हलकी रेल्वे पकडा, कॅनरी व्हॉर्फच्या काचेच्या टॉवरांमधून गाडी बाहेर पडली की क्रॉसहार्बर आणि मग मडशूट, उतरून चालत काही मिनिटं. तिकीट नाही, परवानगी नाही, चिखल मात्र भरपूर आहे आणि नावातच आहे, मिलवॉल डॉकमधून उपसलेला गाळ पंप करून इथे टाकायचे म्हणून मडशूट. गोदीला चिकटून मोकळी उंचवट्याची जागा आणि ७ सप्टेंबर १९४० ला जर्मनांनी लंडनवर पहिला मोठा हल्ला केला तो या गोद्यांवरच, म्हणजे तोफा इथे का ठेवल्या हे वेगळं सांगायला नको. युद्धानंतर जागा तशीच पडून राहिली, सत्तरच्या दशकात तिथे उंच इमारती बांधायचा घाट घातला गेला तो आसपासच्या लोकांनी हाणून पाडला आणि १९७७ ला फार्म सुरू झालं. तोफा बसवलेले चार सिमेंटचे खड्डे त्यामुळे वाचले. एकात तोफ परत आणून ठेवलीय.

आता मुख्य गोष्ट. गेल्या गेल्या तोफेकडे पळू नका. सगळे तेच करतात, तोफेसोबत सेल्फी काढतात आणि दहा मिनिटांत कॉफी प्यायला जातात. तोफेकडे पाठ करून उत्तरेला तोंड करून उभे राहा आणि कॅनरी व्हॉर्फचा तो पिरॅमिडच्या टोपीचा टॉवर शोधा. तो तुमच्यापासून साधारण दीड-पावणेदोन किलोमीटरवर आहे. आता हिशोब करा, बॉम्बर ताशी ३०० किलोमीटरने येतंय, वर पाच-सहा किलोमीटर उंच आहे आणि तोफेतून सुटलेला गोळा तिथपर्यंत पोचायला वीसेक सेकंद घेतो. तेवढ्या वेळात विमान पुढे गेलेलं असतं किती, तर तुम्ही उभे आहात तिथून त्या टॉवरपर्यंत. म्हणजे विमानावर नेम धरून काहीच उपयोग नाही, जिथे अजून विमान आलेलंच नाही तिथल्या रिकाम्या आकाशात गोळा टाकायचा आणि तो बरोबर त्याच क्षणी फुटला पाहिजे. गोळा विमानाला लागायचा नसतोच बहुतेक, तो ठरलेल्या सेकंदाला हवेत फुटतो आणि तुकडे लागतात. किती सेकंदांनी फुटायचं ते गोळ्याच्या नाकातल्या फ्यूजवर आधीच फिरवून ठेवायचं.

हे एकदा डोक्यात बसलं की गनसाइट कळली. तोफ हा शेवटचा भाग, आधी कुणीतरी बघायचं, कुणीतरी मोजायचं, कुणीतरी गणित करायचं, कुणीतरी गोळा आणून द्यायचा, आणि सिमेंटमध्ये जे जे उरलंय ते या प्रत्येकाच्या उभं राहायची जागा आहे. आपण गडावर जातो तेव्हा सदर कुठे, टाकं कुठे, कोठार कुठे, चोरदरवाजा कुठे असं बघत फिरतो ना, तस्संच. नुसता बुरूज बघून खाली उतरणाऱ्याला आपण काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

तर आधी सदर शोधा, म्हणजे कमांड पोस्ट. सगळीकडे उरलेली नसते पण जिथे उरलीय तिथे ती तोफांच्या मध्ये किंवा तोफांच्या अर्धगोलाच्या मागच्या बाजूला असते, बरेचदा अर्धी जमिनीत गाडलेली, आणि तिचे काही भाग मुद्दाम बिनछपराचे असतात. लोकांना वाटतं छप्पर पडलं, पडलं नाही, ते नव्हतंच. तिथे उघड्यावर दुर्बीण, उंचीमापक आणि प्रेडिक्टर ठेवलेले असायचे. उंचीमापक म्हणजे एक लांबलचक आडवी नळी, दोन टोकांना दोन डोळे, त्या दोन डोळ्यांच्या कोनातल्या फरकावरून विमानाची उंची निघायची. प्रेडिक्टर म्हणजे पेटाऱ्याएवढा दातेरी चाकांचा गणकयंत्र, काही जण चाकं फिरवत विमानाच्या मागावर राहायचे आणि यंत्र आतल्या आत हिशोब करून विमान पुढे कुठे असेल तिथला कोन तोफांकडे तारेतून पाठवायचं. तोफेवरच्या माणसाला आकाशाकडे बघायचं कामच नाही, समोरच्या तबकडीवरचे दोन काटे जुळवत बसायचं. म्हणून कमांड पोस्टपासून प्रत्येक खड्ड्याकडे जाणारा केबलचा चर किंवा भिंतीतलं भोक दिसतं का ते बघा, ते दिसलं की मला तरी तोफ दिसल्यापेक्षा जास्त आनंद होतो, वेडेपणा म्हणा.

मग खड्डे. त्यातल्या नेहमीच्या जड तोफेच्या, म्हणजे ३.७ इंची तोफेच्या खड्ड्याला साधारण आठ बाजू असतात, पूर्ण गोल नाही, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. भिंत छातीएवढी किंवा डोक्याएवढी आणि बाहेरून मातीचा भराव, कारण जवळ बॉम्ब पडला तर तुकडे अडायला हवेत. आत भिंतीला लागून सिमेंटचे कोनाडे असतात. आपल्या जुन्या वाड्यात दिवा ठेवायला असतात तसेच पण माणूस वाकून आत शिरेल एवढे मोठे, त्यात तयार गोळे रचून ठेवायचे. एक गोळाच २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलो, आणि काडतुसासकट उचलायचा तर अजून जड. हाताने भरून मिनिटाला दहा वगैरे गोळे सुटायचे, पुढे यंत्राने भरायची सोय झाल्यावर वीसच्या आसपास. एकदा कोनाड्यासमोर उभं राहून तिथून खड्ड्याच्या मध्यापर्यंत किती पावलं आहेत मोजा आणि मिनिटाला दहा वेळा पावणेतेरा किलो घेऊन ती चालून बघा, म्हणजे मनातल्या मनात, कारण मी खरंच पिठाची पिशवी घेऊन करून बघितलं होतं आणि नंतर दोन दिवस कंबर धरून बसलो.

जिथे तोफ उरलेली नाही तिथे खड्ड्याच्या मधोमध गवत बाजूला केलं की बोल्टचं वर्तुळ सापडू शकतं, गंजलेले जाड खिळे वर आलेले. त्यावर तोफ बसवलेली असायची. बोल्ट असले तर तोफ कायमची होती, नसले तर चाकांवरची फिरती असायची शक्यता. खड्ड्याला दोन तोंडं आहेत का एक तेही बघा, आणि लोखंडी दाराच्या बिजागऱ्या उरल्यात का. या बारीकसारीक गोष्टींवरून जागा लवकर बांधली का नंतर, पुढे बदलली का, असा अंदाज बांधता येतो. घाईने सुरू झालेल्या आणि मग वर्षानुवर्षं सुधारत गेलेल्या जागा आहेत या, त्यामुळे एकाच भिंतीत विटा आणि सिमेंट दोन्ही दिसले तर गोंधळू नका.

दारूकोठार खड्ड्यांपासून जरा बाजूला असतं, लांबट बुटकं, आत कप्पे पाडलेलं, एक कप्पा उडाला तर बाकीचे वाचावेत म्हणून. आणि सगळ्या जागेला वळसा घालून येणारा रस्ता असतो, ट्रक एका बाजूने येऊन गोळे उतरवून दुसऱ्या बाजूने निघून जाणार, रिव्हर्स घ्यायची भानगड नाही. वरून बघितलं तर सगळ्यात आधी हा रस्ताच डोळ्यात भरतो.

आता एक गोष्ट जी तुम्हाला कुठेच दिसणार नाही पण माहीत असली पाहिजे. सुरुवातीला रात्री या तोफा जवळजवळ आंधळ्या होत्या. सप्टेंबर १९४० मध्ये एक विमान पाडायला २०,००० च्या वर गोळे उडत होते. लंडनभोवती घाईघाईने तोफा दुप्पट केल्या आणि १० सप्टेंबरच्या रात्री सगळ्यांनी मिळून जो भडिमार केला त्याने विमानं फारशी पडली नाहीत, पण तळघरात बसलेल्या लोकांना पहिल्यांदा वाटलं की चला आपल्या बाजूनेही काहीतरी आवाज होतोय. तुकडे परत गावावरच पडायचे, सकाळी पोरं ते गोळा करत फिरायची. (माझी आई मुंबईतला १९७१ चा ब्लॅकआउट सांगते, काचांना काळे कागद आणि भोंगा वाजला की दिवे बंद, तिलाही आवाजाचंच जास्त आठवतं.) मग रडार आलं. पण पहिल्या रडारला अंतर बरं कळायचं आणि उंची धड कळायची नाही, कारण खालच्या उंचसखल जमिनीवरून लहरी उलटून गोंधळ व्हायचा. उपाय काय तर रडारभोवती शंभर मीटरहून मोठा अष्टकोनी मांडव घातला, खांबांवर ताणलेली तारेची जाळी, तीच कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती. एवढी जाळी लागली की देशात कोंबडीवाल्यांना जाळी मिळेना. १९४१ च्या सुरुवातीला एका विमानामागे गोळे ४,००० च्या आसपास आले. जाळी आज कुठेच नाही, पण जुन्या हवाई फोटोत खड्ड्यांच्या शेजारी एक फिकट अष्टकोन दिसला तर तो हाच.

जुन्या फोटोचा विषय निघालाच तर घरबसल्या शोधायचं कसं ते सांगतो, कारण मडशूट झाल्यावर तुम्हाला दुसरी जागा हवी होणारच, हे व्यसन आहे. गूगल अर्थ कॉम्प्युटरवर उघडा, फोनवर नाही, आणि घड्याळाचं चिन्ह दाबून मागे जा, लंडनचे १९४५ चे फोटो त्यात आहेत. चार ठिपके अर्धगोलात आणि मागे एक चौकोन असं काही दिसलं की आजच्या फोटोवर या आणि तिथे काय आहे बघा. हिस्टॉरिक इंग्लंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर जुने हवाई फोटो आणि संरक्षित वास्तूंची यादी दोन्ही फुकट आहेत. १९९५ ते २००२ मध्ये हौशी लोकांनी देशभर हिंडून युद्धकाळातल्या जवळपास २०,००० जागांची नोंद केली होती, डिफेन्स ऑफ ब्रिटन प्रोजेक्ट नावाने, ती पण ऑनलाइन सापडते. आणि फारच खोलात जायचं असेल तर लंडनमधल्या क्यू भागात नॅशनल आर्काइव्हज म्हणजे सरकारी दफ्तरखान्यात डब्ल्यूओ १६६ या गठ्ठ्यात त्या त्या तुकडीची रोजनिशी हाताळायला मिळते, ओळखपत्र नेऊन वाचकाचं कार्ड काढायचं, पेन आत नेऊ देत नाहीत, पेन्सिल न्या.

इथे माझी फजिती सांगून टाकतो म्हणजे तुमची वाचेल. पहिल्यांदा स्वतः शोधलेली जागा म्हणून मी मोठ्या अभिमानाने एसेक्समध्ये एका गावाबाहेर गेलो, सॅटेलाइट फोटोत चार सुंदर वर्तुळं दिसत होती, बायकोलाही ओढून नेलं, दोन गाड्या बदलून आणि तास-दीड तास चालून, आणि जवळ गेल्यावर वासावरूनच कळलं की हे गावाचं सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र आहे. बायको अजून नवीन ठिकाण म्हटलं की आधी वास येतो का विचारते. तर म्हणून वर सांगितलं, खड्ड्याला आठ बाजू असतात. चार एकसारखी परिपूर्ण वर्तुळं रांगेत दिसली तर नाक धरा. (५.२५ इंची नावाची मोठी तोफ युद्धाच्या शेवटी आली तिचे खड्डे गोल असतात हे खरं, पण त्या जागा मोजक्या आहेत.)

जायचं कधी, तर जानेवारी ते मार्चची सुरुवात. आपल्याकडे पावसाळ्यात गड बघायचा असतो, इथे उलटं, उन्हाळ्यात ब्रँबलच्या काटेरी जाळ्या माणूसभर वाढतात आणि नेटल म्हणजे आपल्या खाजकुयलीची सख्खी बहीण, लागली की दिवसभर आग. थंडीत सगळं झडलेलं असतं आणि सूर्य खाली असल्यामुळे तिरप्या उन्हात जमिनीतले उंचवटे सावलीने उठून दिसतात, फोटो त्याच वेळी काढा. सोबत बूट, हातमोजे, टॉर्च, मोजायची टेप आणि चौकडीची वही. फोटोपेक्षा हाताने काढलेला नकाशा कामाचा, कारण काढताना पावलं मोजावी लागतात आणि पावलं मोजताना कळतं की हे इथेच का आहे.

नियम पण पाळा. इंग्लंडमध्ये सार्वजनिक पायवाट सोडून शेतात शिरायचा आपल्याला हक्क नाही, शेतकऱ्याला विचारा, निम्म्या वेळा तो स्वतः दाखवायला येतो आणि वर आजोबांच्या गोष्टी सांगतो. संरक्षित जागेवर परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर चालवणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. जुन्या झोपड्यांवरचे नालीदार पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, तुटलेले तुकडे हातात घेऊ नका. तळघरासारख्या खोल्यांत पाणी साचलेलं असतं आणि जमीन किती खाली आहे दिसत नाही, एकटे उतरू नका. आणि गोळ्यासारखं काही दिसलं तर हात न लावता लांब जाऊन ९९९, पोलीस म्हणायचं, लाजायचं नाही.

आणि राहायच्या जागेकडे दुर्लक्ष करू नका. खड्ड्यांपासून थोड्या अंतरावर नुसते सिमेंटचे आयताकृती ओटे ओळीने दिसतात, त्यावर अर्धगोल पत्र्याच्या झोपड्या होत्या. १९४१ पासून इथे बायका पण होत्या, एटीएस म्हणजे लष्कराच्या महिला दलातल्या. रडार, उंचीमापक, प्रेडिक्टर सगळं त्या चालवायच्या, फक्त तोफ डागायची त्यांना परवानगी नव्हती. म्हणजे कुठे गोळा जाणार ते बाईने ठरवायचं आणि दोरी पुरुषाने ओढायची, कागदावर तरी. चर्चिलची धाकटी मुलगी मेरी पण अशाच एका तुकडीत होती, हाइड पार्कात. तेव्हा ओट्यांच्या दोन वेगळ्या रांगा, मध्ये बरंच अंतर, असं दिसलं तर ते बायका-पुरुषांच्या वेगळ्या राहण्यामुळे असू शकतं. आणि झोपडीला नंतर घातलेली चूल किंवा वेगळी भिंत दिसली तर १९४६ आठवा, त्या वर्षी घरं नसलेली हजारो कुटुंबं रिकाम्या लष्करी छावण्यांत सरळ घुसून राहिली होती. सगळ्या जागा मात्र तेव्हाच बंद झाल्या नाहीत, काही ठिकाणी तोफा रशियाच्या भीतीने पुढे पण ठेवल्या होत्या, १९५५ ला ते सगळं खातंच बंद केलं. एवढ्या उंचावरून एवढ्या वेगात जाणाऱ्या जेटला तोफ काय करणार.

मडशूटचा दिवस उरला तर फार्ममधून दक्षिणेला आयलंड गार्डन्सपर्यंत चालत जा, तिथून थेम्सच्या खालून १९०२ चा पायी बोगदा आहे, पलीकडे ग्रीनिच, तिथे जेवण बरं मिळतं.

आणि हे सगळं जमलं की एखाद्या स्वच्छ दिवशी दुर्बीण घेऊन केंटच्या किनाऱ्यावर व्हिट्स्टेबल किंवा हर्न बेला जा. समुद्रात लांब क्षितिजावर पायांवर उभ्या असलेल्या लोखंडी पेट्या दिसतील, परग्रहावरून आल्यासारख्या. ते गाय मॉन्सेल या इंजिनिअरने १९४३ ला थेम्सच्या मुखाशी उभे केलेले तोफांचे किल्ले, एकेका किल्ल्याला सात टॉवर. रेड सँड्सचे सातही उभे आहेत, शिव्हरिंग सँड्सचा एक १९६३ मध्ये जहाज धडकून गेला. लोक फोटो काढतात आणि अजब दिसतंय म्हणून सोडून देतात. तुम्ही मात्र मोजा. मध्ये कमांडचा टॉवर, त्याच्याभोवती अर्धगोलात चार तोफांचे, मागे एक छोट्या बोफोर्स तोफेचा आणि जरा लांब सर्चलाइटचा. जमिनीवरची गनसाइटच आहे ती, जशीच्या तशी उचलून पाण्यात ठेवलेली. हो, वारा फार असतो तिथे, कानटोपी न्या.